थॉमस स्टीफन्स

थॉमस स्टीफन्स (इ.स. १५४९ च्या सुमारास – इ.स. १६१९) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि गोव्यात आयुष्य वेचलेले जेसुइट धर्मगुरू, मराठी कवी व कोंकणी भाषेचे व्याकरणकार होते. मराठी ओवीत रचलेल्या ख्रिस्तपुराण या महाकाव्याचे कर्ते म्हणून ते ओळखले जातात. मराठी ग्रंथांत त्यांचा उल्लेख फादर स्टीफन्स असा होतो. मनुष्याचे पतन, पश्चात्ताप आणि ईश्वरी कृपा हा त्यांच्या काव्याचा मध्यवर्ती विषय आहे.

जन्म व शिक्षण

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातील बुश्टन या गावी एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. विंचेस्टर येथे त्यांचे शिक्षण झाले. राणी पहिली एलिझाबेथ हिच्या राजवटीत कॅथलिक पंथाच्या उपासनेवर निर्बंध होते. अशा काळात त्यांचा टॉमस पाउंड या कॅथलिक सरदाराशी स्नेह जुळला आणि काही काळ त्यांनी पाउंड यांचे सेवक म्हणून वेषांतर करून प्रवास केला. दोघांनाही रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश घ्यावयाचा होता. परंतु पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स रोमला पोहोचले व २० ऑक्टोबर १५७५ रोजी येशूसंघात दाखल झाले.

भारतात आगमन

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेल्या गलबतातून ते २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले. भारतात येऊन स्थायिक झालेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून त्यांचा निर्देश केला जातो. या सागरी प्रवासाचे वर्णन करणारे त्यांनी वडिलांना लिहिलेले पत्र पुढे हॅक्लुइटच्या प्रवासवर्णन संग्रहात छापले गेले. इ.स. १५८३ मध्ये होर्मुझ येथे अटक करून गोव्यात आणलेल्या राल्फ फिच आदी इंग्रज व्यापाऱ्यांची जामिनावर सुटका होण्यासाठी त्यांनी साहाय्य केले.

साष्टीतील कार्य

दक्षिण गोव्यातील साष्टी हे त्यांचे जवळजवळ चाळीस वर्षांचे कार्यक्षेत्र होते. या प्रदेशातील देवळे इ.स. १५६७ मध्ये पोर्तुगीज सत्तेने पाडली होती आणि गोव्यात इ.स. १५६० पासून धर्मन्यायालय कार्यरत होते. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे ग्रामस्थांनी रुदोल्फ आक्वाव्हिवा यांच्यासह पाच जेसुइटांना ठार केले. स्टीफन्स यांनी त्यांचे मृतदेह मिळवून दफनाची व्यवस्था करण्यात भाग घेतला. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गांवकर प्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळणे येथील किल्ल्यात बोलावून त्यांची हत्या केली.

स्वदेशी राजसत्तेच्या धाकामुळे धर्म पाळणे कठीण झालेला हा तरुण अशा रीतीने राजसत्तेच्या आश्रयाने धर्मप्रसार चाललेल्या प्रदेशात येऊन पोहोचला होता. श्रद्धा ही इच्छेची कृती असल्याने ती बळाने उत्पन्न करता येत नाही, असे संत थॉमस अक्वायनस यांचे प्रतिपादन होते. साष्टीतील वस्तुस्थिती या तत्त्वाशी सदैव जुळणारी नव्हती. नवख्रिस्ती कुटुंबांची जुनी पुराणे व मराठी पोथ्या त्यांच्यापासून दूर केल्या गेल्या होत्या. त्यामुळे निर्माण झालेली पोकळी भरून काढण्याची गरज ख्रिस्तपुराणाच्या मुळाशी होती.

ख्रिस्तपुराण

हा ग्रंथ इ.स. १६१६ मध्ये राचोल येथे प्रथम छापला गेला. इ.स. १६४९ व इ.स. १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. देवनागरी खिळे उपलब्ध नसल्याने तो रोमन लिपीत छापावा लागला. ग्रंथाचे पहिले पुराण व दुसरे पुराण असे दोन भाग असून त्यांत अनुक्रमे ३६ व ५९ अवस्वरू म्हणजे अध्याय आहेत. ओव्यांची एकूण संख्या जवळपास अकरा हजार आहे. पहिल्या भागात विश्वोत्पत्ती, आदाम व एवा यांचे पतन आणि जुन्या करारातील कथा येतात. दुसऱ्या भागात येशूचे चरित्र आहे. स्वर्गाला वैकुंठ म्हणण्यासारख्या परिचित शब्दयोजनेमुळे आणि पुराणकथनाच्या रीतीमुळे मराठी श्रोत्याला हा ग्रंथ परका वाटत नाही.

पश्चात्ताप, इच्छास्वातंत्र्य व ईश्वरी पूर्वज्ञान

आदामाच्या कथेबरोबर एक जुना प्रश्न उभा राहतो. ईश्वर सर्वज्ञ असेल, तर मनुष्य पाप करणार हे त्याला आधीच ठाऊक होते. मग मनुष्य स्वतंत्र कसा आणि दोषी कसा? ललाटलेख आणि प्रारब्ध या कल्पनांशी परिचित असलेल्या समाजाला हा प्रश्न नवा नव्हता.

कॅथलिक उत्तराचा गाभा असा की, जाणणे आणि घडवून आणणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अक्वायनस यांनी यासाठी वाटसरूंचा दृष्टांत दिला आहे. वाटेने चालणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत. उंचावरून पाहणाऱ्याला मात्र सर्वजण एकाच वेळी दिसतात. त्याच्या पाहण्यामुळे कोणाचे पाऊल वळत नाही. ईश्वर कालाच्या बाहेर असल्याने त्याचे ज्ञान हे अशा पाहण्यासारखे आहे.

ट्रेंट धर्मपरिषदेने इ.स. १५४७ मध्ये पतनानंतरही मनुष्याची स्वतंत्र इच्छा दुबळी झाली, परंतु नष्ट झाली नाही, असे ठरविले. कृपेचा पुढाकार ईश्वराचा, पण तिला रुकार किंवा नकार देणे मनुष्याच्या हाती राहते. इ.स. १५५१ मध्ये याच परिषदेने मनापासूनचा अनुताप, पापनिवेदन आणि प्रायश्चित्त ही पश्चात्तापाची तीन अंगे सांगितली. स्टीफन्स साष्टीत असताना युरोपात जेसुइट लुइस दे मोलिना यांच्या इ.स. १५८८ मधील ग्रंथावरून कृपा व इच्छास्वातंत्र्य यांविषयी डोमिनिकन पंडितांशी मोठा वाद पेटला होता. पोप पाचवे पॉल यांनी इ.स. १६०७ मध्ये कोणत्याही पक्षाला दोषी न ठरविता तो थांबविला.

येशूचरित्रातील पेत्र व यहुदा यांचे प्रसंग या विचाराचे बोलके उदाहरण मानले जातात. पेत्र आपल्याला नाकारील आणि एक शिष्य आपला घात करील, हे दोन्ही येशूने आधी सांगितले होते. भाकीत दोघांविषयी होते आणि दुःख दोघांनाही झाले; परंतु पेत्र रडला आणि परतला, यहुदाने निराश होऊन जीव दिला. कॅथलिक दृष्टीने खरा पश्चात्ताप आणि केवळ खंत यांतील भेद क्षमेच्या आशेत आहे.

भाषाविषयक कार्य

भारतीय भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्याशी मिळतीजुळती असल्याचे निरीक्षण स्टीफन्स यांनी इ.स. १५८३ मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात नोंदविले. कोंकणीतील त्यांची ख्रिस्ती धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी इ.स. १६२२ मध्ये आणि कोंकणीचे व्याकरण इ.स. १६४० मध्ये, दोन्ही मरणोत्तर, राचोल येथे प्रसिद्ध झाली. या व्याकरणात दियोगु रिबैरु यांनी भर घातली होती. एखाद्या भारतीय भाषेचे ते पहिले मुद्रित व्याकरण समजले जाते.

मृत्यू व वारसा

स्टीफन्स यांचे इ.स. १६१९ मध्ये गोव्यात निधन झाले. एतियेन द ला क्रुआ या फ्रेंच जेसुइटाने त्यांच्याच वाटेने जाऊन संत पेत्राच्या जीवनावर मराठी पुराण रचले, ते इ.स. १६२९ मध्ये छापले गेले. इ.स. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषांच्या वापराविरुद्ध फर्मान काढले आणि या परंपरेला उतरती कळा लागली. ख्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकातील मुद्रित प्रती आज उपलब्ध नाहीत. हस्तलिखितांमुळे ग्रंथ टिकला. जोसेफ साल्डान्हा यांनी इ.स. १९०७ मध्ये मंगळूर येथून रोमन लिपीतील, तर शांताराम बंडेलू यांनी इ.स. १९५६ मध्ये पुणे येथून देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली. गोव्यातील पर्वरी येथील थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र ही संस्था त्यांच्या नावाने कार्यरत आहे.