मार्लवाईची गोंडी शाळा आणि हायमेनडॉर्फ साहेब

जिवती : आपल्याकडच्या जुन्या माणसांना माहीत आहे, जिवती-राजुऱ्याचा हा पट्टा पूर्वी चांदा जिल्ह्यात नव्हता. 1956 पर्यंत तो हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याच आदिलाबाद जिल्ह्यात 1943 साली गोंड लेकरांना गोंडीतून शिकवायची सरकारी योजना सुरू झाली. आज ऐकून खरं वाटत नाही, पण झालं आहे. ते ज्यांच्यामुळे झालं ते साहेब गोंड नव्हते, मराठी नव्हते, भारतातलेही नव्हते.

ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा जन्म 1909 चा, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरातला. घराणं मोठं, सरदारकीचं. माणसांच्या चालीरीतींचा अभ्यास हा त्यांचा विषय. 1936 ला ते नागा टेकड्यांत राहून गेले, 1939 ला पत्नी बेटी यांच्यासोबत परत भारतात आले, आणि तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं. पासपोर्ट जर्मनीचा, म्हणजे इंग्रजांच्या लेखी ते शत्रू. त्यांना हैदराबाद राज्याची हद्द सोडायला मनाई झाली. पण त्या हद्दीत फिरायची, अभ्यास करायची मोकळीक मिळाली. असा हा नजरकैदेतला माणूस गोंडांच्या कामी आला.

1940 ला जोडेघाटला कुमराम भीम आणि त्यांचे साथीदार पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. भांडण जंगल-जमिनीचं होतं. राखीव जंगलाच्या नावानं गावं उठवली जात होती. गोंडांचं नेमकं दुखणं काय, हे निजाम सरकारला समजून घ्यायचं होतं आणि ते काम हायमेनडॉर्फ यांच्याकडे आलं. दोघा नवराबायकोनं मार्लवाई गावात झोपडी बांधली, तिथं राहिले, गोंडी शिकले. पुढं जमिनीचे पट्टे गोंडांच्या नावावर व्हावेत म्हणून त्यांनी सरकारदरबारी लावून धरलं.

शाळेचं काम मात्र वेगळं होतं. राज्याची भाषा उर्दू, बाजारची भाषा मराठी नाहीतर तेलुगू, आणि घरात गोंडी. मास्तर बाहेरचा. तो पाणी म्हणणार, लेकराला येर माहीत. मग लेकरू गप्प बसायचं आणि मास्तर त्याला मठ्ठ ठरवायचा. (हे काही 1940 चंच आहे असं नाही, आजही पहिलीच्या वर्गात जाऊन बघा.) हायमेनडॉर्फ यांनी उलट बाजूनं सुरुवात केली. आधी मास्तर तयार केले, तेही गोंडच. ज्या थोड्या गोंड पोरांना मराठीमुळं लिहिता-वाचता येत होतं, त्यांना मार्लवाईच्या केंद्रात घेऊन शिकवलं. गोंडी पुस्तकं देवनागरीत काढली. मग हेच मास्तर गावोगावच्या शाळांवर गेले. गावातला माणूस, गावची भाषा, त्यामुळं आईबापालाही शाळेची भीती राहिली नाही.

यात एक कमी मला दिसते. मास्तर गोंड झाले, पण शाळेत कोणती भाषा चालणार हे ठरवणारे हैदराबादच्या कचेरीतच राहिले. साहेबांचं वजन होतं तोवर चाललं. ते लंडनच्या विद्यापीठात प्रोफेसर म्हणून गेले. पुढं 1 नोव्हेंबर 1956 ला भाषेवर राज्यं झाली. राजुरा आधी नांदेडला जोडला, मग 1959 ला चांद्याला. आदिलाबाद आंध्रात गेलं. एकाच गोत्राचे लोक, इकडं सरकारी भाषा मराठी, तिकडं तेलुगू. गोंडीच्या वाट्याला राज्य आलं नाही, आणि ती पुस्तकंही मागं पडली. गंमत बघा, त्याच 1956 साली घटनेत 350-अ कलम आलं. भाषेनं अल्पसंख्य असलेल्या लेकरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, यासाठी राज्यानं सोयी कराव्यात असं ते सांगतं.

आज शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात. गोंड गावात ते गोंडच असतात. पण समिती खिचडी बघते, बांधकाम बघते, शाळेचं माध्यम तिच्या हातात नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 ला स्वतःच ठराव करून गोंडीतून शाळा काढली, तर शिक्षण विभागानं विनापरवाना म्हणून नोटीस दिली आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे 29 लाखांवर आहेत. बोडो आणि संथाली 2003 ला आठव्या अनुसूचीत गेल्या, गोंडी अजून बाहेरच आहे.

हायमेनडॉर्फ म्हातारपणी परत आदिलाबादला येत राहिले. पट्टे मिळालेल्या कित्येक जमिनी बाहेरच्यांच्या ताब्यात गेलेल्या त्यांनी बघितल्या आणि 1982 च्या पुस्तकात ते लिहून ठेवलं. 1987 च्या जानेवारीत बेटी हैदराबादला वारल्या. त्यांना मार्लवाईत आणून पुरलं. साहेब 1995 ला लंडनला गेले, त्यांची समाधीही तिथंच, बेटींच्या शेजारी आहे. दरवर्षी 11 जानेवारीला गोंड लोक तिथं जमतात.