शिशाची विश्रांती : गास्तों प्लांते

मोटारीचे बॉनेट उघडले, की पाहणाऱ्याची नजर इंजिनाकडे जाते. कोपऱ्यातल्या बॅटरीकडे ती बंद पडेपर्यंत कोणी पाहत नाही. त्या पेटीचे जनक गास्तों प्लांते यांचेही आपल्याकडे तसेच झाले आहे. विज्ञानाच्या इतिहासात त्यांचे नाव मोठे आहे, चंद्रावरील एका विवरासही ते दिलेले आहे. परंतु मी बत्तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकविताना ते नाव वर्गात उच्चारले, की मुले वहीत उतरवून घेत आणि परीक्षेबरोबर विसरून जात.

त्यांचे चरित्र पुन्हा सांगावेसे वाटण्यास एक घरगुती निमित्त झाले. माझा भाचा कॅनडात टोरांटोस असतो. त्याने हौसेने दोन आसनांची स्पोर्ट्‌स मोटार घेतली आहे. तिकडे हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ साचते व ते वितळविण्यासाठी मीठ टाकतात. अशा मिठात नाजूक गाडी कोणी घालीत नाही. म्हणून नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत ती गॅरेजात झाकून ठेवतात. या पाच-सहा महिन्यांत बॅटरी जिवंत कशी ठेवावी, असे त्याने मला फोनवरून विचारले. मी त्याला जे सांगितले, ते सारे प्लांते यांच्या आयुष्यातूनच निघालेले होते.

प्लांते यांचा जन्म २२ एप्रिल १८३४ रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, ऑर्तेझ या गावी झाला. घराणे गुणी होते. धाकटे बंधू फ्रान्सिस पुढे युरोपातील नामांकित पियानोवादक झाले. गास्तों मात्र प्रयोगशाळेकडे वळले. १८५४ साली, विशीत असताना, पॅरिसच्या कला व उद्योग यांच्या राष्ट्रीय शिक्षणसंस्थेत एदमों बेकरेल या नामवंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली ते साहाय्यक म्हणून लागले. पुढच्याच वर्षी पॅरिसजवळील मदों येथे त्यांना एका प्रचंड, उडता न येणाऱ्या प्राचीन पक्ष्याचे अवशेष सापडले. हा पक्षी माणसाहून उंच असे. शास्त्रज्ञांनी त्यास गास्तोंर्निस असे नाव दिले, ते गास्तों यांच्यावरूनच. एवढे नाव एकविसाव्या वर्षी मिळाले असता दुसरा कोणी आयुष्यभर जीवाश्मच उकरीत बसला असता. प्लांते पुन्हा आपल्या काचपात्रांकडे आले.

त्या काळी वीज मिळे ती रासायनिक घटांतून. घटातील जस्त झिजून गेले, की घट संपला. परंतु एक विचित्र गोष्ट संशोधकांच्या ध्यानात आली होती. आम्लात धातूचे दोन पत्रे बुडवून त्यांतून प्रवाह पाठविला, तर थोड्या वेळाने ते पत्रे उलट दिशेने प्रवाह ढकलू लागत. पुष्कळांच्या लेखी हा विजेच्या कामातील अडथळा होता. प्लांते यांनी त्या अडथळ्याचेच मोजमाप आरंभिले. तांबे, चांदी, कथील, सोने, प्लॅटिनम असे धातू त्यांनी एकामागून एक तपासले. विरल गंधकाम्लातील शिसे सर्वांत जोराने व सर्वांत अधिक वेळ उलट प्रवाह देते, असे त्यांना आढळले. मऊ, जड आणि मंद दिसणारा हा धातू इथे पहिला आला.

१८५९ साली त्यांनी शिशाचे दोन लांब पत्रे घेतले, ते एकमेकांस चिकटू नयेत म्हणून मध्ये पट्ट्या घातल्या, सतरंजी गुंडाळावी तशी गुंडाळी केली आणि ती आम्लात उभी केली. पुन्हापुन्हा भरता येणारी ही पहिली उपयुक्त बॅटरी होय. १८६० साली अशा नऊ घटांची जोडणी त्यांनी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवली. त्याच वर्षी, सामान्य जनांस शिक्षण देणाऱ्या एका संस्थेत ते पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले.

आता मला ज्या गोष्टीचे सर्वाधिक महत्त्व वाटते, तिच्याकडे येतो. नवे शिसे फारशी वीज धरीत नाही. त्याला तयार करावे लागते. प्लांते घट भरीत, रिकामा करीत, दिशा उलटवून पुन्हा भरीत. मग तो काही दिवस तसाच ठेवून देत. पुन्हा भरीत आणि पुढची विश्रांती त्याहून लांब देत. विश्रांतीच्या काळात आम्ल शिशाच्या पृष्ठभागावर हळूहळू काम करी. त्यानंतर भरले, की पृष्ठभाग सच्छिद्र होई आणि घटाची धारणा वाढे. अशा रीतीने एकेक घट तयार होण्यास महिने लागत. या विश्रांतीने शिसे बिघडत नसे, ते सुधारत असे. मात्र ठरल्या दिवशी प्लांते तेथे परत येत आणि घट भरीत, म्हणूनच ते सुधारे.

खुद्द संशोधकालाही अशीच वाट पाहावी लागली. घट उत्तम होता, पण भरावयाचा कशाने? डायनॅमो व्यवहारात आला १८७१ साली, ग्राम यांच्या यंत्रामुळे. तोवर जुन्या रासायनिक घटांनीच हा नवा घट भरावा लागे. म्हणजे एका हौदातले पाणी घागरीने दुसऱ्या हौदात नेण्यासारखेच. तेवढ्या काळात प्लांते यांनी एका घटाने प्लॅटिनमची तार तापवून मेणबत्ती पेटविणारे घरगुती साधन केले आणि त्याला शनीचे नाव दिले; कारण युरोपातील किमयागार शिसे हा शनीचा धातू मानीत. पुढे आठशे घट एकत्र जोडून ते आकाशातील विजेची लहान प्रतिकृती प्रयोगशाळेत उत्पन्न करू लागले आणि चेंडूसारख्या विजेचे कोडे उलगडण्याचा यत्न करू लागले. वीस वर्षांचे हे काम त्यांनी १८७९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

मग दिवस पालटले. १८८१ मध्ये कामिय फोर या दुसऱ्या फ्रेंच संशोधकाची युक्ती पुढे आली. शिशाच्या पत्र्यावर त्यांनी शेंदराचा लेप दिला. होय, आपण मारुतीला लावतो तो शेंदूर म्हणजे मुळात शिशाचेच भस्म. या लेपामुळे महिन्यांचे काम थोड्या अवधीत होऊ लागले आणि बॅटरीचा व्यापार सुरू झाला. त्याच वर्षी गुस्ताव त्रूव्हे यांनी पॅरिसमध्ये प्लांते घटांवर चालणारी तीनचाकी फिरविली, आणि त्याच वर्षी प्लांते यांना सरकारी सन्मानही मिळाला. २१ मे १८८९ रोजी, पॅरिसचे प्रदर्शन आणि आयफेल मनोरा पाहावयास जग लोटले असताना, बेलव्ह्यू येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे पंचावन्न. बेलव्ह्यू हा त्याच मदोंचा भाग, जिथे चौतीस वर्षांपूर्वी त्यांना तो पक्षी सापडला होता.

त्यांच्या पश्चात दहा वर्षांनी, १८९९ साली, कामिय जेनात्सी यांनी शिशाच्या बॅटऱ्यांवर चालणारी मोटार ताशी १०५.८८ किलोमीटर वेगाने हाकून दाखविली. ताशी शंभराची मर्यादा ओलांडणारी ती पहिली मोटार. पुढे पेट्रोलचे राज्य आले, आणि १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत विजेचा सेल्फ बसविण्यात आला, तेव्हा बॅटरीकडे इंजिन जागे करण्याचे काम आले. ते आजतागायत तिच्याकडेच आहे.

भाच्याला मी सांगितले, ते असे. बॅटरी वापरात असो वा नसो, तिच्यात प्लांते यांच्या घटातील क्रिया चालूच असते. वीज उतरते तसतसा दोन्ही पत्र्यांवर लेड सल्फेटचा थर बसतो आणि आम्ल पातळ होते. थर ताजा असला, तर भरताना विरघळून जातो. महिनोन्‌महिने पडून राहिला, तर त्याचे खडे मोठे व कठीण होतात आणि मग ते हटत नाहीत. शिवाय आजच्या मोटारी झोपल्या तरी त्यांचे घड्याळ, चोरघंटा व संगणक जागे असतात. त्यांस अँपिअरच्या हजारांश भागांपैकी तीस भाग लागले, तरी दिवसाला ०.७२ अँपिअर-तास जातात. साठ दिवसांत ४३. पन्नास अँपिअर-तासांची बॅटरी दोन महिन्यांत जवळजवळ रिती होते, ती अशी.

थंडीचे गणित उलटे आहे. पूर्ण भरलेल्या बॅटरीचे आम्ल उणे पन्नास अंशांखालीही द्रव राहते. उतरलेल्या बॅटरीचे मात्र उणे दहाच्या आसपासच गोठते आणि पेटी फुटू शकते. म्हणून गाडी झाकण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरावी. विसावलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीचे माप १२.६ किंवा किंचित वर यावे, १२.४ च्या खाली गेले, तर लगेच भरावे. त्यानंतर दाब आपोआप सांभाळणारा लहान चार्जर लावून ठेवावा. तो साधारण १३.२ ते १३.६ व्होल्टवर थांबतो आणि जेवढी वीज गळते तेवढीच परत देतो. जुन्या पद्धतीचा, स्वतः न थांबणारा चार्जर महिनोन्‌महिने लावू नये. तो पाणी उडवून पत्रे उघडे पाडतो. बॅटरी जेल किंवा लिथियमची असली, तर तिच्या जातीचाच चार्जर हवा. वीज जवळ नसेल, तर तार काढून ठेवावी आणि दर महिन्यास माप घ्यावे. तार काढताना मोटारीच्या सांगाड्यास जोडलेले टोक प्रथम सोडावे. बहुतेक गाड्यांत ते ऋण असते, जुन्या इंग्रजी गाड्यांत धन. भरताना हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि विडीकाडी दूर. आठवड्यास पाच मिनिटे इंजिन चालू केले की काम झाले, हा समज खोटा आहे. सेल्फ मारताना गेलेली वीज तेवढ्यात भरून येत नाही, आणि धुराड्यात पाणी साचते ते वेगळेच.

इंदूरच्या वाचकांना वाटेल, आपल्याकडे बर्फ कुठे? पण हे शहर मोटारींच्या बाबतीत परके नाही. महाराज यशवंतराव होळकर (१९०८–१९६१) यांची ड्यूसेनबर्ग, लंडनच्या गर्नी नटिंग यांनी अंग चढविलेली, पुढे अमेरिकेतील संग्रहात जाऊन बसली आणि आजही जाणकार तिचे नाव काढतात. कित्येक जुन्या वाड्यांच्या मागच्या खोपटात वडिलांची वा काकांची गाडी अजून कापडाखाली उभी आहे. मुले पुण्यास, बंगळूरला किंवा परदेशी. किल्ली देव्हाऱ्याजवळच्या खिळ्यावर. माळव्यातील उन्हाळा अशा गाडीला टोरांटोच्या हिवाळ्याहून वैरी आहे, कारण दर दहा अंश उष्णता वाढली, की बॅटरीची आपोआप होणारी गळती जवळजवळ दुप्पट होते. चैत्र-वैशाखात बंद राहिलेली बॅटरी म्हणूनच पावसाळ्यापूर्वीच बसते.

गाडी विकावी की ठेवावी, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. त्यात मी बोलणार नाही. ठेवावयाची असेल, तर मात्र ती ठेवलेली राहावी, टाकलेली होऊ नये. प्लांते घट ठेवून देत, तेव्हा पुढे तो कोणत्या दिवशी भरावयाचा हे त्यांचे ठरलेले असे. आपल्या घरात हे काम कोणाकडे आहे, तेवढे ठरवा. पत्र्यांवर पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर घाला, टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुऊन काढा, आणि पुढची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेवा.