वालचंद हिराचंद : मक्तेदारीशी झुंजलेला आणि संरक्षण मागणारा उद्योगपती

परदेशी कंपन्यांची मक्तेदारी मोडून काढण्यासाठी आयुष्यभर झगडलेल्या वालचंद हिराचंद यांनी देशी उद्योगांसाठी संरक्षणाचा आग्रह धरला. त्या संरक्षणातून कारखाने उभे राहिले, हजारोंना रोजगार मिळाला. मात्र स्वातंत्र्यानंतर त्याच भिंतीआड देशी मक्तेदारीही वाढली. जहाज, साखर आणि मोटार या तीन व्यवसायांतील त्यांची वाटचाल पाहिली, की आयातबंदीची किंमत अखेर कोण मोजतो, हा प्रश्न नव्याने समोर येतो.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. सौराष्ट्रातून येऊन सोलापूर जिल्ह्यात स्थायिक झालेले हे दिगंबर जैन कुटुंब व्यापार आणि सावकारीत स्थिरावले होते. वालचंद तान्हे असतानाच त्यांची आई वारली. सोलापूर, पुणे आणि मुंबई येथे त्यांचे शिक्षण झाले. घरच्या पेढीवर बसणे त्यांना सहज शक्य होते. पण त्या व्यवसायात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून ठेकेदारीस प्रारंभ केला. पुढे बोरघाटातील रेल्वेचे बोगदे आणि मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा योजनेची कामे अशी एकापेक्षा एक मोठी कामे त्यांच्याकडे आली. बांधकाम व्यवसायातील हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीचा पायाही त्यांनीच घातला.

समुद्रावरची मक्तेदारी

पहिल्या महायुद्धानंतर वालचंदांची नजर समुद्राकडे वळली. त्या काळी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील मालवाहतूक जवळजवळ संपूर्णपणे ब्रिटिश कंपन्यांच्या हाती होती आणि त्यांत लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीचा वरचष्मा होता. १९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे 'लॉयल्टी' हे जहाज विक्रीस आहे असे कळताच वालचंदांनी ते घेण्याचा घाट घातला. नरोत्तम मोरारजी, लल्लुभाई सामळदास आणि किलाचंद देवचंद यांच्या साथीने सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीची स्थापना झाली. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघाले. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

हे जहाज खर्चिक ठरले आणि काही वर्षांतच भंगारात गेले. पण कंपनी मागे हटली नाही. मालवाहू जहाजे विकत घेऊन ती ब्रह्मदेशाच्या तांदळाच्या वाहतुकीत उतरली आणि खरी लढाई सुरू झाली.

मक्तेदारी टिकवण्याची या कंपन्यांची दोन हत्यारे होती. पहिले म्हणजे दरयुद्ध. नवा स्पर्धक आला की वाहतुकीचे दर इतके उतरवायचे, की त्याला प्रत्येक खेपेत तोटा व्हावा. मोठ्या कंपनीकडे साठवलेली गंगाजळी असते, इतर मार्गांवरील नफा असतो. नव्या कंपनीकडे यांपैकी काहीच नसते. तिने गाशा गुंडाळला की दर पुन्हा चढवायचे. चिदंबरम पिल्ले यांनी १९०६ मध्ये तुतिकोरिनला काढलेली स्वदेशी जहाज कंपनी अशाच दरयुद्धात नामशेष झाली होती. दुसरे हत्यार अधिक सूक्ष्म होते. व्यापाऱ्याने दिलेल्या भाड्यातील काही हिस्सा कंपनी त्याच्या नावे राखून ठेवी आणि ठरावीक काळानंतर परत करी. अट एकच, या काळात त्याने दुसऱ्या कोणाच्याही जहाजातून माल पाठवता कामा नये. एक खेप जरी सिंदियाच्या जहाजातून गेली, तरी आधीची सारी सवलत बुडत असे. साहजिकच, स्वस्त दर दिसत असूनही व्यापारी नव्या कंपनीकडे वळण्यास धजावत नसे.

दरयुद्ध चालू असते तोवर ग्राहकाची चंगळ असते. तांदळावरचे भाडे उतरले की बाजारातला भावही नरमतो. मात्र ही स्वस्ताई उसनी असते. स्पर्धक संपल्यावर तिची वसुली सव्याज होते आणि ती करणाऱ्याला जाब विचारणारा कोणी उरत नाही. वालचंदांचा विरोध नेमका या व्यवस्थेला होता.

सिंदिया दरयुद्धात टिकली खरी. पण त्यासाठी तिला तडजोड करावी लागली. १९२३ च्या सुमारास दोन्ही बाजूंमध्ये दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाने आपला जहाजांचा ताफा ठरावीक मर्यादेत ठेवायचा आणि त्या बदल्यात किनारी व्यापारात तिला जागा मिळायची, असे त्याचे स्वरूप होते. कंपनी वाचली, पण दर ठरवणाऱ्या कंपूत आता एक देशी भिडूही सामील झाला. माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही मक्तेदारी पूर्णपणे मोडली नव्हती. तिचे भागीदार तेवढे वाढले होते.

१९२८ मध्ये सिंदियाशी संबंधित साराभाई नेमचंद हाजी यांनी किनारी व्यापार देशी जहाजांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. ब्रिटिश हितसंबंधांच्या विरोधामुळे ते तडीस गेले नाही. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांचे अपघाती निधन झाले आणि कंपनीची सूत्रे वालचंदांकडे आली. विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी १९४१ मध्ये डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली. तेथे बांधलेल्या 'जलउषा' या जहाजाचे १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते जलावतरण झाले. किनारी व्यापार देशी जहाजांसाठी राखण्याची मागणी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मान्य झाली.

साखरेचा धडा

संरक्षणाचा दुसरा प्रयोग साखरेत झाला. १९२१ मध्ये सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राजकोषीय आयोगाने कोणत्या उद्योगाला संरक्षण द्यावे, याच्या तीन कसोट्या घालून दिल्या होत्या. त्या उद्योगाला नैसर्गिक अनुकूलता असावी, संरक्षणावाचून त्याची वाढ होणे कठीण असावे आणि कालांतराने संरक्षण काढून घेतल्यावर जागतिक स्पर्धेत टिकण्याची त्याची क्षमता असावी, अशा या कसोट्या होत्या. यांतली तिसरी ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. कारण त्याने सोसायच्या महागाईला ती मुदत घालत होती.

१९३२ च्या कायद्याने साखर उद्योगाला संरक्षण मिळाले. परदेशी साखरेवर हंड्रेडवेटला, म्हणजे सुमारे ५१ किलोला, ७ रुपये ४ आणे इतका कर बसला आणि अधिभार धरून तो ९ रुपये १ आण्यावर गेला. जागतिक मंदीत जावाची साखर इतकी स्वस्त झाली होती, की बंदरावर उतरणाऱ्या साखरेच्या मूळ किमतीपेक्षा कराचीच रक्कम जास्त भरत असे. मुंबईसारख्या बंदरातील गिऱ्हाइकाला त्याची झळ सरळ लागली.

परिणाम मात्र विलक्षण झाला. १९३१-३२ मध्ये देशात साखरेचे कारखाने तिसाच्या आसपास होते. पाच वर्षांत ते सव्वाशेच्या वर गेले. जावाची साखर बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली. वालचंदांनी याच काळात नाशिक जिल्ह्यात रावळगाव आणि पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातील कळंब येथे साखर कारखाने उभारले. कळंबचा परिसर पुढे वालचंदनगर म्हणून ओळखला जाऊ लागला. माळरानावर उसाचे मळे, कामगारांची वसाहत, शाळा आणि यंत्रे घडवणारे कारखाने असे गावच उभे राहिले. संरक्षणाशिवाय हे भांडवल त्या माळावर आले असते, असे म्हणणे कठीण आहे.

त्यानंतर जे घडले ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. बाहेरची साखर अडवलेली असूनही १९३६-३७ पर्यंत साखरेचे भाव कोसळले. कारण भिंतीच्या आत सव्वाशे कारखाने एकमेकांशी झुंजत होते. स्पर्धेने ग्राहकाला तारले होते. पण १९३७ मध्ये इंडियन शुगर सिंडिकेट ही विक्रीसंघटना स्थापन झाली. संयुक्त प्रांत आणि बिहारमध्ये तिचे सभासदत्व गाळपाच्या परवान्याशी जोडले गेले. कोणी किती साखर विकायची आणि किमान भाव काय, हे सिंडिकेट ठरवू लागली. भाव चढले, तक्रारी वाढल्या आणि अखेर सरकारला हस्तक्षेप करावा लागला. आयातीची वाट बंद आणि आतल्या उत्पादकांची एकजूट या दोन गोष्टी एकत्र आल्या, की ग्राहकाला पळवाट उरत नाही, हा धडा साखरेने स्वातंत्र्याच्या दहा वर्षे आधीच दिला होता.

मोटारीचे स्वप्न

वालचंदांचे तिसरे स्वप्न मोटारीचे होते. त्या काळी जनरल मोटर्स आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्या परदेशातून आणलेले सुटे भाग जोडून येथे मोटारी विकत. जनरल मोटर्सचा असा कारखाना १९२८ पासून मुंबईत शिवडीला होता. मोटार येथेच घडवावी, असा सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्याप्रमाणेच वालचंदांचा ध्यास होता. त्यासाठी ते अमेरिकेत जाऊन आले आणि ख्राइसलर कंपनीशी त्यांनी बोलणी यशस्वी केली. याच धडपडीतून १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना उभा राहिला. युद्धकाळात तो सरकारने ताब्यात घेतला. मोटार कारखान्याला मात्र ब्रिटिश सरकारचे सहकार्य मिळाले नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला.

स्वातंत्र्यानंतर सरकारने १९४९ मध्ये तयार मोटारींची आयात थांबवली. टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार, येथे प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना केवळ जुळवणी करण्यास १९५३ मध्ये मनाई करण्यात आली. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपला गाशा गुंडाळला. वालचंदांनी ज्याचा आग्रह धरला होता, ते धोरण प्रत्यक्षात आले होते. ते पाहण्याच्या स्थितीत मात्र ते नव्हते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. कारभारातून निवृत्त होऊन ते गुजरातमधील सिद्धपूर येथे राहिले. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

संरक्षणाची मुदत

त्यांच्या पश्चात संरक्षणाचे रूप पालटले. साखरेत भिंत होती, पण आत येणाऱ्यांना दार मोकळे होते. मोटारीत परवाना पद्धतीने ते दारही बंद केले. हिंदुस्थान मोटर्सची अॅम्बॅसेडर, प्रीमिअरची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड एवढ्या तीन कंपन्यांवर मोटारबाजार तीन दशके चालला. सत्तरच्या दशकात देशात वर्षाला सर्व मिळून तीस-चाळीस हजारांच्या आसपास मोटारी बनत. उत्पादन थोडे, म्हणून प्रत्येक गाडीवरचा खर्च जास्त. किंमत जास्त, म्हणून गिऱ्हाईक थोडे. आणि गिऱ्हाईक थोडे, म्हणून उत्पादन वाढत नाही, असे हे दुष्टचक्र होते.

१९६९ मध्ये सरकारने मोटारींच्या किमतींवर कायदेशीर नियंत्रण आणले. कागदावर किंमत बांधली गेली; टंचाई मात्र तशीच राहिली. ग्राहक अनामत रक्कम भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहू लागला. ज्याला थांबणे शक्य नव्हते, तो वापरलेल्या गाडीला नव्या गाडीपेक्षा अधिक पैसे मोजू लागला. परदेशी वकिलातींच्या जुन्या मोटारी राज्य व्यापार महामंडळामार्फत विक्रीस निघत, त्यांनाही मोठी मागणी असे. मक्तेदारीची किंमत केवळ बिलावर दिसत नाही. ती प्रतीक्षेत, दर्जात आणि ग्राहकाच्या लाचारीतही मोजली जाते. साठच्या दशकातील फियाट ११०० चा साचा पुढे 'पद्मिनी' या नावाने जवळपास तसाच सुमारे साडेतीन दशके चालत राहिला. कारण तो बदलण्यास भाग पाडणारे कोणी नव्हते.

१९८३ मध्ये मारुती आली. सरकारी पाठबळ आणि सुझुकीचे तंत्रज्ञान लाभलेल्या या एका स्पर्धकाने काही वर्षांतच सारा बाजार पालटून टाकला. आयातीची भिंत तेव्हाही शाबूत होती; आतली स्पर्धा मात्र जागी झाली होती. १९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाला. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून तिची काळी-पिवळी टॅक्सीही निवृत्त झाली.

या साऱ्याचा दोष वालचंदांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. परवाना पद्धतीचा पुढचा विस्तार त्यांनी पाहिला नाही. त्यांच्या काळात स्पर्धा खुली नव्हतीच. राज्यकर्ते आणि मक्तेदार एकाच पक्षाचे होते. अशा बाजारात देशी उद्योजकाने संरक्षण मागणे म्हणजे लढण्यासाठी जमीन मागणे होते आणि त्या जमिनीवर त्यांनी जहाजे, कारखाने व गावे उभी करून दाखवली. उणीव राहिली ती मुदतीची. रहिमतुल्ला आयोगाची तिसरी कसोटी स्वतंत्र भारताच्या मोटार धोरणात विसरली गेली. संरक्षण कधी संपणार, हे ठरले नाही आणि उद्योग मोठा झाला की नाही, हे विचारणारा स्पर्धकही उरला नाही. उद्योगाच्या बाल्यावस्थेचा खर्च ग्राहक आनंदाने उचलतो. मात्र ती अवस्था संपवण्याची घाई उद्योगाला स्वतःहून क्वचितच होते. आयातीवर नवा कर किंवा नवी बंदी सुचवली जाते, त्या प्रत्येक वेळी वालचंदांच्या कर्तृत्वासोबत ही बाजूही आठवणे म्हणूनच अगत्याचे आहे.