चित्रकार धुरंधर

कोल्हापूर नगरीची कीर्ती मल्लविद्येसाठी आहे, तशीच ती चित्रकलेसाठीही आहे. याच नगरीत १८ मार्च १८६७ रोजी महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म झाला. धुरंधरांचे घराणे मुंबईच्या पाठारे प्रभू ज्ञातीतील होते. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात महादेवाचे शिक्षण झाले. शाळेतील इतर विषय तो शिकत असेच. परंतु त्याचे मन खरे रमे ते चित्रे काढण्यात.

आज एखाद्या मुलाचा हात चित्रकलेत चांगला असला, तर घरची माणसे त्याचे कौतुक करतात. त्या काळी तसे नव्हते. इंग्रजी शिकलेल्या मुलाने कचेरीत नोकरी धरावी, नाहीतर वकील व्हावे, अशी बहुतेक घरांतून अपेक्षा असे. चित्र काढणे हा कारागिराचा धंदा समजला जाई. त्यावर पोट भरेल की नाही, याचीही शाश्वती नसे. अशा काळात चित्रकलेलाच आयुष्य वाहण्याचा निश्चय करणे हे मोठे धाडस होते.

महादेवाच्या सुदैवाने त्याला कोल्हापुरातच एका थोर कलावंताचे मार्गदर्शन लाभले. त्यांचे नाव आबालाल रहिमान. आबालाल मुंबईच्या कलाशाळेत शिकून कोल्हापूरला परत आले होते. गावाभोवतालचे पाणी, झाडी, घाट आणि त्यांवर पडणारा ऊन-सावलीचा खेळ यांचे ते निस्सीम भक्त होते. चित्र काढावयाचे तर आधी पाहावयास शिकले पाहिजे, हा धडा देण्यास त्यांच्याइतका योग्य गुरू दुसरा कोण मिळणार?

पुढील शिक्षणासाठी मुंबईची वाट धरणे क्रमप्राप्त होते. सर जमशेटजी जिजीभाई या दानशूर पारशी गृहस्थाने १८५३ साली एक लाख रुपयांची देणगी देऊ केली होती. तिच्यातून १८५७ साली मुंबईत जी कलाशाळा उघडली, तीच सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. १८९० च्या जानेवारी महिन्यात धुरंधरांनी या शाळेत पाऊल टाकले. त्या वेळी त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. शाळेचे प्रमुख होते जॉन ग्रिफिथ्स. आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करवून घेणारे ते हेच ग्रिफिथ्स. या नव्या विद्यार्थ्याचे गुण त्यांनी हेरले आणि त्याला उत्तेजन दिले.

कलाशाळेतील शिक्षणाचा क्रम मोठा कडक होता. आल्याबरोबर राजेरजवाड्यांची चित्रे रंगवण्यास कोणी सांगत नसे. प्रथम साध्या वस्तू, मग प्लॅस्टरच्या ओतीव मूर्ती आणि त्यानंतर जिवंत माणूस, अशी ती चढण असे. साधी वस्तू काढणे सोपे, असे तुम्हांला वाटेल. तर मग एक घागर समोर ठेवून पाहा. घागरीचे तोंड वाटोळे आहे, हे आपणांस ठाऊक असते. म्हणून नवशिका विद्यार्थी ते कागदावर वाटोळेच काढतो, आणि त्याची घागर पुढे कलंडल्यासारखी दिसू लागते. वस्तुतः जमिनीवर ठेवलेल्या घागरीचे तोंड आपल्या डोळ्यांना लंबवर्तुळाकार दिसते. ती घागर उचलून चौरंगावर ठेवली, की ते लंबवर्तुळ अधिक चपटे होते. आणि फळीवर, अगदी डोळ्यांच्या पातळीत ठेवली, तर त्याची केवळ एक आडवी रेघ उरते. घागर तीच, परंतु तिचे रूप क्षणोक्षणी बदलते. मनाला जे ठाऊक आहे ते बाजूला सारून डोळ्यांना जे दिसते तेच काढावे, हा चित्रकलेचा पहिला पाठ घागर आपणांस देते.

वस्तू जशी आपणांस शिकवते, तशीच चित्राची साधनेही शिकवतात. शिसपेन्सिल रेषेची शिस्त लावते. बारीक तपशील टिपावा तो पेन्सिलीनेच. कोळशाची कांडी जाड व ठिसूळ. तिने बारीकसारीक काढता येत नाही, परंतु मोठे आकार आणि छायाप्रकाशाचे पट्टे ती झरझर उभे करते. टाक व शाई यांचा स्वभाव निराळा. शाईने एकदा उमटलेली रेघ पुसता येत नाही, म्हणून ती मारण्यापूर्वी हात आणि मन दोन्ही निश्चित असावी लागतात. जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच उजेड. तो आरंभापासून राखून ठेवावा लागतो; एकदा बुडाला की पूर्ववत परत येत नाही. तैलरंग मात्र सावकाश वाळतात. ते एकावर एक चढवता येतात, चुकलेला भाग खरवडून पुन्हा रंगवता येतो. धुरंधरांनी ही सारी साधने हस्तगत केली. जलरंग व तैलरंग या दोहोंत त्यांचा हात सारख्याच सफाईने चाले, आणि त्यांच्या रेखाटनांना तर सीमाच नव्हती.

घागर स्थिर उभी राहते. जनावर तसे राहत नाही. १८९० सालची मुंबई जनावरांनी गजबजलेली होती. तेव्हा ट्रामगाड्या घोडे ओढीत; विजेची ट्राम सुरू झाली ती १९०७ साली. मालाच्या गाड्यांना बैल जुंपलेले असत. गायी, शेळ्या आणि कुत्री तर गल्लोगल्ली असतच. चित्रकाराला याहून चांगली शाळा कोणती? मात्र बैल चित्रासाठी थांबत नाही. तो मान हलवतो, शेपटीने माशा वारतो, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकतो. म्हणून जनावर काढताना प्रथम पाठीची रेघ, मानेचा कल आणि पायांची ठेवण एवढेच चटकन टिपावे लागते. कान, शिंगे, खूर हे नंतर. घोड्याच्या मागच्या पायाचा जो सांधा आपणांस उलटा वळलेला गुडघा वाटतो, तो खरे पाहता त्याचा घोटा असतो. त्याचा गुडघा वर पोटाशी असतो. हे ज्याने नीट पाहिले नाही, त्याचा घोडा कागदावर कधीच धावत नाही. पुढे धुरंधरांनी शिवकालातील प्रसंग रंगवले. अशा चित्रांतले घोडे जिवंत वाटावयाचे, तर त्यामागे रस्त्यावरच्या घोड्याचा अभ्यास असावाच लागतो.

या परिश्रमांचे फळ लवकरच मिळाले. १८९५ साली बाँबे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात धुरंधरांना सुवर्णपदक मिळाले. त्या प्रदर्शनांत युरोपियन चित्रकारांचा मोठा भरणा असे. त्यांच्या पंक्तीत कोल्हापूरहून आलेल्या एका विद्यार्थ्याने मानाचे स्थान मिळवावे, ही गोष्ट साधी नव्हती. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८९६ साली, ज्या शाळेत ते शिकले त्याच शाळेत त्यांची शिक्षक म्हणून नेमणूक झाली.

शिक्षक झाल्यावरही धुरंधरांमधील विद्यार्थी कधी संपला नाही. दिवसा शाळेत शिकवावे आणि उरलेल्या वेळात स्वतः चित्रे काढावीत, असा त्यांचा परिपाठ होता. मुंबईच्या रस्त्यांवर जे दिसे, ते त्यांच्या वहीत उतरे. डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण, पोलीस शिपाई, फेरीवाले, लग्नाची वरात, देवळाकडे निघालेल्या स्त्रिया, असे कितीतरी विषय त्यांनी हाताळले. कोणाचे लुगडे कसे नेसलेले, कोणाच्या पागोट्याची घडण कशी, हातातील तांब्या कसा, टोपली कोणत्या विणीची, हे सारे ते बारकाईने टिपीत. त्यांची काही चित्रे पोस्टकार्डांवर छापली गेली आणि घरोघरी पोहोचली. चित्रसंग्रहालयाचे दारही ज्यांनी कधी पाहिले नव्हते, अशा माणसांच्या हाती त्यामुळे धुरंधरांची कला आली.

पुस्तकांसाठीही त्यांनी विपुल चित्रे काढली. एस. एम. एडवर्ड्स यांच्या मुंबईवरील पुस्तकात १९१२ साली त्यांची चित्रे आली. सी. ए. किंकेड यांनी आपल्याकडील व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत सांगितल्या. आटपाट नगराच्या याच कहाण्या तुम्ही श्रावणात आजीच्या तोंडून ऐकल्या असतील. १९१४ साली निघालेल्या त्या पुस्तकाची चित्रे धुरंधरांनीच काढली. भारतातील स्त्रियांवर ऑटो रॉथफेल्ड यांनी लिहिलेले पुस्तक १९२० साली प्रसिद्ध झाले. त्यासाठी धुरंधरांनी ४८ रंगीत चित्रे तयार केली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार व कलेचे मोठे चाहते होते. त्यांच्यासाठी धुरंधरांनी शिवचरित्रातील प्रसंग रंगवले. शिवराज्याभिषेकाचे त्यांचे चित्र महाराष्ट्रात सर्वत्र प्रसिद्ध आहे.

मात्र कीर्तीबरोबर टीकाही आली. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यास अवनींद्रनाथ ठाकूर व त्यांचे सहकारी यांनी चित्रकलेत नवा मार्ग धरला होता. भारतीय चित्रकाराने अजिंठा, मुघल आणि राजपूत चित्रे यांचा वारसा चालवावा, पाश्चात्त्यांच्या रीतीने हुबेहूब चित्रे काढू नयेत, असे त्या पक्षाचे म्हणणे होते. मुंबईची कला परक्यांची नक्कल आहे, असा आरोप होऊ लागला. हा वाद क्षुल्लक नव्हता. देशात स्वदेशीचे वारे वाहत होते आणि आपले खरे आपलेपण कशात आहे, हा प्रश्न सर्वांनाच पडला होता. धुरंधरांच्या चित्रांची रीत पाश्चात्त्य शिक्षणातून आलेली होती, हे खरे. परंतु त्या रीतीने त्यांनी जे रंगवले, ते आपल्याच घरांतील आणि रस्त्यांवरील जीवन होते. आपल्या मार्गावरून ते ढळले नाहीत. नवी दिल्लीतील सरकारी सचिवालय सजवण्याचे काम निघाले, तेव्हा कायदेखात्याच्या दालनासाठी न्यायदानाचे प्रसंग रंगवण्याचे काम त्यांच्याकडे आले. ते त्यांनी उत्तम प्रकारे पार पाडले. या वादात कोणाची बाजू किती खरी, याचा विचार कलेचे अभ्यासक आजही करतात. दोन्ही मार्गांनी उत्तम चित्रे निर्माण झाली, एवढे मात्र निश्चित.

सरकारने धुरंधरांना रावबहादूर ही पदवी दिली. १९३० साली कलाशाळेच्या संचालकपदाची सूत्रे त्यांच्या हाती आली. हे पद भूषवणारे ते पहिले भारतीय होत. ज्या शाळेत परक्या गुरूंपुढे कागद घेऊन ते बसले होते, तिचाच कारभार त्यांनी पाहिला. १९३१ च्या जानेवारीत ते सेवानिवृत्त झाले. विद्यार्थी आणि शिक्षक या नात्यांनी या कलाशाळेत त्यांची एक्केचाळीस वर्षे गेली होती.

मुंबईच्या उपनगरात खार येथे त्यांचे घर होते. त्या काळी खारपासून कांदिवली-बोरिवलीपर्यंतचा प्रदेश आजच्यासारखा इमारतींनी भरलेला नव्हता. भाताची खाचरे, ताडामाडांची झाडी, चरणारी गुरे आणि लहान लहान गावे आगगाडीच्या खिडकीतून दिसत. धुरंधरांची कन्या अंबिका याही वडिलांप्रमाणे कलाशाळेत शिकल्या व चित्रकार म्हणून नावारूपाला आल्या. मुलींनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेणे ही तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती.

१९४० साली धुरंधरांनी आपल्या आठवणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' हे त्या पुस्तकाचे नाव. १ जून १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. पोशाख बदलले, घोड्यांच्या ट्राम गेल्या, तांब्या-पितळेची भांडी माळ्यावर चढली; परंतु धुरंधरांच्या कागदांवर तो काळ शाबूत राहिला. ज्या गोष्टी रोजच्या म्हणून कोणी पाहत नव्हते, त्या त्यांनी पाहिल्या, म्हणून त्या आज आपणांस पाहावयास मिळतात.

आज महाराष्ट्रातील शाळांतून हजारो मुले एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात. वस्तुचित्र हा त्यांतील एक विषय आहे. समोर मांडलेली बादली, तांब्या किंवा फळे काढण्याचा काही मुलांना कंटाळा येतो. विद्यार्थ्यांनो, असा कंटाळा आला, तर पेन्सिल क्षणभर खाली ठेवा आणि त्या वस्तूकडे पुन्हा एकदा नीट पाहा. तिच्या कडेवर उजेड कोठे पडला आहे, सावली कोठे गडद झाली आहे, तिचे तोंड किती रुंद आणि किती चपटे दिसते, हे न्याहाळा. दारात बसलेले मांजर, बाजारातील हातगाडी, आईच्या हातातील लाटणे, हे तुमच्या घराजवळचे विषय आहेत. ते टिपण्यास एक वही आणि एक पेन्सिल पुरे आहे.