हाफकिन आणि शरीराची स्मृती

मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे. पोलिओच्या डोसामुळे ते नाव आपल्या विदर्भातल्या घराघरांत पोहोचले. मात्र ज्या माणसाचे ते नाव, त्याच्याविषयी आमच्या वर्गांत फारसे कुणाला सांगता येत नाही. पाठ्यपुस्तकाने त्याला एका ओळीत उरकले आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे चरित्र थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी, एका ज्यू कुटुंबात झाला. रशियन साम्राज्यात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होत, तेव्हा आत्मरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हे विद्यार्थीही होते. त्यापायी त्यांना अटक झाली. त्यांचे गुरू मेचनिकॉफ यांनी रदबदली करून त्यांना सोडविले. पुढे विद्वत्ता सिद्ध होऊनही प्राध्यापकपद मिळेना. ख्रिस्ती व्हा, म्हणजे वाट मोकळी होईल, असा त्या व्यवस्थेचा सौदा होता. त्यांनी तो नाकारला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात आपल्या वाडवडिलांनी धर्म बदलला आणि हाफकिन यांनी बदलला नाही, म्हणून या दोन गोष्टी परस्परविरुद्ध आहेत असे आम्हाला वाटत नाही. विवेकाने स्वीकारणे वेगळे आणि नोकरीच्या मोबदल्यात स्वतःला विकणे वेगळे.

१८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले ते साहाय्यक ग्रंथपाल म्हणून. तेवढीच जागा रिकामी होती. मेचनिकॉफ तिथे आधीच पोहोचले होते. १८८२ मध्ये सिसिलीच्या किनाऱ्यावर त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पाहिले, तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडला होता. शरीरात परक्या वस्तूला घेरून गिळणाऱ्या पेशी असतात, हा विचार इथून रुजला. अशा गुरूचा हा शिष्य. १८ जुलै १८९२ रोजी त्याने पटकीची लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली आणि पुढल्या वर्षी ती घेऊन तो हिंदुस्थानात आला.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग उसळला. ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब सोडून त्यांनी प्लेगचे जंतू वाढविले आणि उष्णता देऊन ते मारले. सुमारे तीन महिन्यांत लस तयार झाली.

मेलेल्या जंतूने जिवंत जंतूपासून रक्षण कसे होते, हा प्रश्न मुले हटकून विचारतात. प्लेगचा जिवंत जंतू पिसवाच्या चाव्यातून शिरतो आणि जांघेतल्या किंवा काखेतल्या लसिकाग्रंथीत पोहोचतो. काही भक्षक पेशी त्याला गिळतात, पण पचवू शकत नाहीत. तो त्यांच्या पोटातच वाढतो. पुढे तर गिळायला येणाऱ्या पेशींनाच तो निकामी करतो. ग्रंथी सुजते, तीच प्लेगची गाठ. म्हणजे बचावाची फौज जिथे जमायची, तोच तळ शत्रूच्या हाती जातो. लसीतल्या मृत जंतूत हे बळ नसते, ओळख मात्र शाबूत असते. भक्षक पेशी त्याचे तुकडे करतात, ते आपल्या अंगावर मिरवीत ग्रंथीत जातात आणि असंख्य टी पेशींपैकी ज्या मोजक्या पेशींना तो तुकडा जुळतो, त्या जाग्या होऊन वाढू लागतात. त्यांच्या साहाय्याने बी पेशी प्रतिपिंडे बनवितात. ही प्रतिपिंडे जंतूला चिकटली की भक्षकांना तो पकडणे सोपे जाते. या साऱ्याला काही दिवस लागतात आणि जिवंत प्लेग तेवढी सवड देत नाही. काही पेशी मात्र मागे राहतात. त्या स्मृतिपेशी, पुढच्या वेळी त्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. टी आणि बी पेशींची कामे विज्ञानाला उलगडली ती १९६० च्या दशकात. हाफकिन यांच्यापाशी होता तो गुरूचा सिद्धांत आणि स्वतःचा दंड.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी दहा घन सेंटीमीटर लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, ते बरे झाले. मग महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. कैद्याची स्वेच्छा किती खरी, हा प्रश्न आम्हाला टोचतो. त्या कैद्यांची नावे इतिहासाने जपली नाहीत. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात क्रांतिज्योती सावित्रीमाई प्लेगग्रस्तांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातले गायकवाडांचे आजारी लेकरू त्यांनी पाठीवर घेऊन डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात आणले होते. मुंबई ते पुणे अंतर ते केवढे! त्या दोन तारखा शेजारी ठेवल्या की आम्हाला पुढे लिहवत नाही.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. सारी लस एकाच बाटलीतली होती. बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. तरीही दोष प्रयोगशाळेच्या माथी मारून हाफकिन यांना दूर करण्यात आले. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस त्यांच्या बाजूने जाहीरपणे लिहिते झाले, तेव्हा कुठे १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. पाच वर्षे! परत आले ते कलकत्त्यात. परळची प्रयोगशाळा, जी त्यांनीच उभी केली होती, त्यांच्याकडे पुन्हा आली नाही. १९२५ मध्ये मात्र तिला त्यांचेच नाव देण्यात आले.

उत्तरायुष्यात ते ज्यू धर्माच्या कर्मठ आचाराकडे वळले. हे वळण आम्हाला पटत नाही, आणि त्यांची थोरवी सांगताना ते झाकून ठेवणेही योग्य वाटत नाही. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे ते वारले. ते अविवाहित होते. मागे राहिलेली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू विद्यालयांच्या नावे करून ठेवली होती.