हर्मन मुलर

केळ्यावर घोंगावणारी चिलटे आपण हाकलतो. हर्मन मुलर यांनी त्यांच्यावर क्ष-किरण सोडून १९२७ मध्ये दाखवून दिले, की किरणांनी जनुके बदलतात आणि तो बदल पुढल्या पिढीत उतरतो. १८९० साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले मुलर समाजवादाच्या ओढीने १९३३ मध्ये रशियात गेले. लायसेन्कोशी उघड वाद घालून १९३७ मध्ये बाहेर पडले. नोबेल मिळाले १९४६ मध्ये, हिरोशिमानंतर! मला मात्र १९५५ चे मुलर अधिक मोठे वाटतात. किरणांच्या आनुवंशिक धोक्याविषयी ते बोलतच राहिले, आणि जिनिव्हा परिषदेतला त्यांचा निबंध अमेरिकेच्याच अणुऊर्जा आयोगाने अडवला. १९६७ मध्ये ते वारले. हिरोशिमातून वाचलेल्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशींत तुटून भलतीकडे सांधली गेलेली गुणसूत्रे मोजून, अंगावर किती किरण आले होते हे कित्येक दशकांनंतरही अजमावता येते.