रातथाऱ्याची खबर

दिवेलागणीला आमच्या विश्रामबागेतल्या जुन्या झाडांवर साळुंक्या-कावळ्यांचा एकच कालवा उठतो. पक्ष्यांच्या रात्रीच्या मुक्कामाच्या जागेला मराठीत ‘रातथारा’ असा नेमका शब्द आहे. रातथारा पाहिला की मला डॉ. सलीम अली आठवतात.

पक्षी कुठे निजतो, याची खबर शिकारी फार पूर्वीपासून ठेवत आले. मोर दिवसा माणसाची चाहूल लागताच झुडपात शिरतो. पण तिन्हीसांजेला उंच झाडावर चढतो, आणि पुष्कळदा रोज त्याच झाडावर. अमेरिकेतली रानटर्कीही तशीच. तिथले शिकारी आदल्या संध्याकाळी झाड हेरून ठेवतात आणि पहाटे ती खाली उतरायच्या आत जवळपास दबा धरून बसतात. पक्ष्याची सवयच त्याचा घात करते.

सलीम अली शिकारीच्या वातावरणातच वाढले. जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबईचा. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी शिकारीचे शौकीन. त्यांच्या खेतवाडीच्या घरी हा भाचा वाढला. छर्‍याच्या बंदुकीनं त्यानं पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथे मिलार्डसाहेबांनी नाव तर सांगितलंच, शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला. मुलाची वाट तिथून बदलली.

पुढे ते जर्मनीत स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० साली परत आले तर म्युझियममधली नोकरी गेलेली. तेव्हा पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि सुगरणीची घरटी पाहत बसले. नर घरटं अर्धवट विणतो, मादी पारखून पसंत करते, मग नर ते पुरं करून दुसऱ्या घरट्याला लागतो, हे त्यांनी तिथे टिपलं. दबा धरून बसण्याची चिकाटी शिकाऱ्याचीच होती. उपयोग वेगळा होता.

बंदूक त्यांनी पुरती टाकली नाही. अभ्यासाचे नमुने गोळा करायला ती लागे. पण भरतपूरच्या पाणथळीवर १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एकाच दिवशी ४,२७३ पक्षी पडले होते. हिवाळ्यात बदकं कुठे उतरतात, हे त्या यजमानांनाही ठाऊक होतं आणि सलीम अलींनाही. सलीम अलींनी पुढे त्याच पाण्यावर पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचे प्रवास शोधले आणि ती जागा राखावी म्हणून खटपट केली. १९८५ साली ती जागतिक वारसा ठरली. दोन वर्षांनी, १९८७ साली, ते गेले.

मोर १९६३ साली राष्ट्रीय पक्षी झाला. १९७२ च्या कायद्यानं त्याला संरक्षण मिळालं. तरी चोरटी शिकार थांबलेली नाही, आणि आता मोबाइलवरून झाडाचा पत्ता क्षणात गावभर होतो. मुलांना रातथारा जरूर दाखवावा. लांब उभं राहावं, बॅटरी मारू नये. आणि मोराचं झाड सापडलंच, तर त्याचा फोटो पत्त्यासकट कुणाला धाडू नये.